लंगडीचा निळा धूर

“यात आधी काय होतं?” अर्नेस्टीन आत्याने पिंपावर बोटाने टकटक करत विचारलं.

“काही नव्हतं! रिकामंच होतं!” थर्मन म्हणाला.

“अरे शहाण्या, रिकामं व्हायच्या आधी काय होतं?”

थर्मनने वेनीकडे पाहिलं. वेनीने धाकट्या भावाकडे, कोबीकडे पाहिलं. नऊ वर्षांच्या कोबीने कुणाकडे न बघता सरळ पिंपात डोकं घातलं आणि आतूनच ओरडला, “पाक! उसाचा पाक!”

“नक्की?”

“आत्या, बाजूला चाटूनसुद्धा बघितलं!”

“चाटायची गरज नव्हती,” आत्या म्हणाली. पण ती हसली, म्हणजे पिंप पास झालं. “रंगाचं नाहीतर किडे मारायच्या औषधाचं पिंप आणलं असतंत, तर तुम्हा तिघांना त्याच्यात कोंबून ओढ्यात सोडलं असतं. चला, उतरवा!”

शाळेला सुट्टी लागून तीनच दिवस झाले होते. पूर्व टेक्ससातल्या हॅकबेरी गावात जूनचं ऊन असं तापलं होतं की कुत्रीसुद्धा भुंकायचं काम संध्याकाळवर ढकलत होती. पण बारा वर्षांच्या वेनीला दम निघत नव्हता. तिला मांस धुरावर शिजवायची भट्टी बांधायची होती. नुसती बांधायची नव्हती, एकोणीस जूनला चर्चमागच्या रांगेत उभी करायची होती!

ती रांग म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हे. टेक्ससातल्या गुलामांना आपण सुटलो हे कळलं तो दिवस एकोणीस जून. कळलं तेही अडीच वर्षं उशिरा! म्हणून असेल, त्या दिवशी हॅकबेरीत कुणी कसली घाई करत नाही. चर्चमागे झाडांखाली सहा-सात घरांच्या भट्ट्या ओळीने लागतात, मांस बारा-बारा तास धुरावर पडून राहतं, आणि ह्यूस्टन-डॅलसला गेलेली माणसंसुद्धा त्या वासाने परत येतात. रांगेच्या डोक्याला डीकन होझियांची विटांची भट्टी. डीकन हे चर्चचे वडीलधारे, आणि गेली तीस वर्षं त्या रांगेचे राजे. त्यांनी चव घेऊन ‘हूं’ म्हटल्याशिवाय कुणाचीही भट्टी रांगेत लागत नसे. आणि आजवर एकाही पोराची लागली नव्हती. पोरीची तर नाहीच नाही.

“मी फक्त जोडून देणार,” आत्याने आधीच बजावलं. ती पाइपांच्या कारखान्यात वेल्डर होती, आणि तिच्या जोडाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. “मोजणं, आखणं, घासणं, सगळं तुमचं. आणि डोळ्यांवर काळा चष्मा नसेल तो अंगणाबाहेर!”

वेनीने कोंबडीच्या खाद्याच्या रिकाम्या पोत्यावर कोळशाने चित्र काढलं. पिंप आडवं, पोटाला झाकण. एका टोकाला जाड पाइपाचा तुकडा, त्यात जाळ. दुसऱ्या टोकाला धुराडं. जाळ एकीकडे, मांस दुसरीकडे, मधून फक्त धुराने जायचं.

“पाइप कशाला?” थर्मन म्हणाला. तो वेनीचा चुलतभाऊ, ह्यूस्टनहून सुट्टीला आलेला, तेरा वर्षांचा, आणि तिच्यापेक्षा एका वर्षाने जास्त शहाणा. निदान त्याचा तसा समज होता. “ही बघा, मी बादली आणलीय. कशी चकचकीत आहे!”

“चकचकते तीच वाईट,” आत्याने बादली उचलून कुंपणापलीकडे भिरकावली. “त्यावर जस्त असतं. तापलं की विषारी धूर सोडतं. मांसाआधी तूच शिजशील!”

“मग धुराडं तरी वर लावू या. धूर वरच जातो ना?”

“नाही, जाळीच्या उंचीवर,” वेनी म्हणाली. हे तिने दोन रात्री अंथरुणात पडून ठरवलं होतं. “वर लावलं तर धूर मांसाच्या डोक्यावरून निघून जाईल. खाली लावलं तर जाता जाता मांसाला भेटून जाईल.”

आत्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि भाचीकडे बघितलं.  मग धुराडं खालीच जोडलं.

पाय मोजायचं काम थर्मनकडे होतं. त्याच्या टेपचा पहिला इंच केव्हाचा तुटलेला होता, हे त्याला तिसरा पाय कापून झाल्यावर कळलं. चौथा पाय त्याने बरोबर मोजला, तो आणखीनच वाईट! भट्टी उभी केली ती एका कोपऱ्याने उचललेली, तीन पायांवर डुगडुगणारी.

“लंगडी!” कोबी टाळ्या पिटत ओरडला. लांब पायाखाली खड्डा खणून ती सरळ केली, तरी नाव राहिलं ते राहिलंच.

मग तिला दोन दिवस नुसतीच तापवली. पहिल्यांदा मोठा जाळ, जुना रंग पार जळून जाईपर्यंत. मग घासून, पुसून, आतून डुकराची चरबी चोळून पुन्हा जाळ. संध्याकाळी आतला पत्रा काळा, गुळगुळीत, तव्यासारखा चमकायला लागला. तिसऱ्या दिवशी वेनीने आत्याच्या अंगणातल्या, अक्रोडाच्या जातीच्या पेकान झाडाची पडलेली, वाळलेली फांदी तोडून तीन कोंबड्या आत ठेवल्या. जाळ लहान, हवेची दारं उघडी. धुराड्यातून आधी पांढरा लोट आला, मग तो विरळ झाला, आणि मग जे आलं ते नीट बघितलं तरच दिसत होतं. पातळ, निळसर.

“विझली!” थर्मन घाबरला.

“गप रे! हाच तर खरा धूर. दिसतो कमी, वास जास्त.”

पाच तासांनी झाकण उघडलं तेव्हा कोंबड्या जुन्या तांब्याच्या भांड्यासारख्या झाल्या होत्या. कोबीने एकट्याने चार तंगड्या खाल्ल्या आणि पाचवी खिशात घालताना पकडला गेला. आत्याने एक घास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाली, “रविवारी डीकनकडे चला.”

त्या रात्री वेनी झोपेतसुद्धा हसत होती म्हणे.

*

रविवारी प्रार्थना संपल्यावर लंगडीला ट्रेलरवर घालून चर्चमागे नेलं. डीकन होझिया उंच, काठीसारखे ताठ, डोक्यावर गवती हॅट. त्यांनी लंगडीभोवती एक फेरी मारली.

“हिचा एक पाय मोठा आहे.”

“तीन लहान आहेत, काका,” थर्मनने खुलासा केला.

“हूं! परीक्षा सगळ्यांची सारखी. लाकूड चर्चचं वापरायचं.” त्यांनी काठीने ताडपत्रीखालची रास दाखवली. “ग्रिग्जने कालच आणून टाकलंय सणासाठी. भेट म्हणून! चाळीस वर्षं वाळलेलं ओक आहे. असं लाकूड तुमच्या बापजाद्यांनी बघितलं नसेल!”

वेनीने जाळ घातला. लाकूड खरंच खडखडीत होतं, झटकन पेटलं. पण धूर... धूर काही केल्या पातळ होईना. पिवळट, जाडजूड, घशात बसणारा. तिने हवेची दारं उघडली, जाळ लहान केला, मोठा केला. छे! दोन तासांनी झाकण उघडलं तर कोंबडी काळी चिकट झाली होती.

डीकननी लहानसा तुकडा तोंडात टाकला. त्यांचा चेहरा असा झाला की शेजारच्या बायका दोन पावलं मागे सरल्या. त्यांनी रुमाल काढला, त्यात थुंकले आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. हे त्यांनी इतकं सावकाश केलं की वेनीला वाटलं, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

“तेलाचं पिंप!” ते म्हणाले.

“पाकाचं होतं काका! शपथ!”

“माझ्या जिभेला तीस वर्षांची सवय आहे, पोरी. हे पिंप भंगारात टाका. आणि अर्नेस्टीन, पोरांच्या हातात जाळ देताना जरा विचार करत जा!”

सगळ्यांसमोर!  लंगडीला तिथेच ठेवून आत्याने रिकामा ट्रेलर गाडीला जोडला, कारण कोंबडीचा वास तिलाही आला होता.

घरी येईपर्यंत वेनीच्या डोक्यात तेच घोळत होतं. आपण पिंप नीट घासलं नसेल का? जोडात काही राहिलं असेल का? उद्या आत्या आठवडाभर बाहेरगावच्या कामावर जाणार होती. परत आल्यावर शुक्रवारी लंगडी भंगारवाल्याकडे न्यायची, असं तिने हळूच सांगितलंही. “मला वाईट वाटतंय गं. पण डीकनचा शब्द म्हणजे शब्द.”

*

“ताई,” कोबी सोमवारी सकाळी म्हणाला, “काल मी ती कोंबडी खाल्ली नाही.”

“मग?”

“अगं, मी खाल्ली नाही!”

वेनी उठून बसली. कोबीने न खाल्लेली कोंबडी ही जगात पहिल्यांदाच घडलेली गोष्ट होती.

“का नाही खाल्लीस?”

“डांबरट वास येत होता. उन्हात टेलिफोनच्या लाकडी खांबाला येतो ना, तसा. माझ्या शर्टाला अजून येतोय. हे घे!”

तिने हुंगलं. थर्मननेही हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. “तुझ्या शर्टाला तर आणखीही बरेच वास येतायत.”

“थांब रे! उसाच्या पाकाला डांबराचा वास कसा येईल? आणि पेकानच्या वेळी कसा आला नाही? पिंप तेच, माणसं तीच, कोंबड्यासुद्धा त्याच दुकानातल्या. मग बदललं काय?”

तिघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं. “लाकूड!!”

ट्रेलरमध्ये चर्चच्या लाकडाचे उरलेले दोन तुकडे पडले होते. वेनीने एक उचलून उलटसुलट केला. ओकच होतं, रेषा तशाच. पण साल कुठेच नव्हती. एक कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. आणि मधोमध एक भोक होतं, आत गंजलेलं.

“कीड लागली असेल,” थर्मन म्हणाला.

“चौकोनी भोक कुठली कीड पाडते?”

थर्मनने भोकाला डोळा लावला.

“खिळा!” वेनी कुजबुजली. “चौकोनी खिळा. रेल्वेच्या रुळाचा! हे रुळांखालचं लाकूड आहे, थर्मन! त्याला कुजू नये म्हणून डांबराचं औषध पाजलेलं असतं!”

“हॅ! इथे कुठली रेल्वे?”

“बंद पडलेली लाकडाची गिरणी. तिथून ओढ्यापर्यंत छोटी रेल्वे जायची. आत्या सांगते ना!”

थर्मनला गिरणीचा रस्ता काही आवडला नाही. चार मैल सायकल, वर ऊन, खाली वाळू, दोन्ही बाजूंना काटेरी वेली. “ह्यूस्टनमध्ये सुट्टीत पोहायला जातात,” तो दर अर्ध्या मैलावर सांगत होता.

“जा मग!”

“आता अर्ध्यात आलोय म्हणून. नाहीतर गेलोच असतो!”

गिरणीमागे रूळ केव्हाच उचलून नेले होते. पण गवतात एकामागे एक फिकट पट्टे उमटले होते, शिडीच्या पायऱ्यांसारखे. प्रत्येक पट्टा एका ओंडक्याएवढा. ओंडक्यांखालची माती अजून ओली होती.

“परवा-तेरवाच उचललेत,” वेनी म्हणाली. आणि पलीकडे करवतीचा भुसा! त्याच्या बाजूला काळ्या फळ्यांचा ढीग, ओंडक्यांची तासून काढलेली काळी कातडीच जणू. उन्हाने ती घामेजली होती आणि वास असा होता की कोबीने नाक शर्टात घातलं.

तेवढ्यात घरघर ऐकू आली. ट्रक!

“झोपा!” वेनीने दोघांना गवतात ओढलं.

ट्रकमधून रूफस ग्रिग्ज उतरले. गावात सगळ्यांची कामं करणारे, सगळ्यांना हाक मारणारे आणि प्रत्येक काम अर्धवट ठेवणारे ग्रिग्जकाका. मागून त्यांची कुत्री उडी मारून उतरली. काका तिच्याशी एखाद्या शहाण्या बाईशी बोलावं तसं बोलत होते.

“बघितलंस, डेलिया? लोक ओक वाळवायला वर्षभर थांबतात. आपल्याकडे चाळीस वर्षांचं फुकट पडलंय! काळं तासलं, चार तुकडे केले की झालं. डीकन किती खूश झाले! अजून दोन खेपा टाकू. सणाला काही कमी पडायला नको.”

डेलियाने उत्तर दिलं नाही. तिचं नाक सरळ गवताकडे वळलं होतं. ती आली, थांबली, गुरगुरली.

“आता मेलो,” थर्मन पुटपुटला.

कोबीने अगदी हळू खिशात हात घातला. बाहेर आली एक तंगडी. वाळकी, धुळीत माखलेली, पाच दिवसांची.

“तू ती अजून ठेवली होतीस?” वेनीचे डोळे बाहेर आले.

“वेळेला लागते,” कोबी म्हणाला आणि तंगडी लांब फेकली. डेलिया तिच्यामागे गेली, ग्रिग्जकाका डेलियामागे, आणि तिघं सायकलींकडे असे पळाले की थर्मनला ऊन, वाळू, काटे यांतलं काही आठवलं नाही.

*

“आता सरळ डीकनना सांगू या!” धाप टाकत थर्मन म्हणाला.

“काय सांगणार? तुमची तीस वर्षांची जीभ चुकली? सगळ्यांसमोर त्यांनी निकाल दिलाय. आपण बोललो तर म्हणतील, पोरं आपलं पिंप वाचवायला गोष्टी रचतायत.”

“मग ग्रिग्जकाकांना?”

“ते म्हणतील, अरे ओकच आहे! आणि आहेही ओकच.” वेनी ओढ्याच्या पुलावर बसून पाय हलवत होती. तिला आता नुसत्या लंगडीची काळजी नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी डीकन आपली भट्टी त्याच लाकडावर पेटवणार होते. शनिवारी, एकोणीस जूनला, दोनशे माणसं ते मांस खाणार होती. म्हातारी माणसं, तान्ह्या पोरांच्या आया. “सांगून चालणार नाही. त्यांना त्यांच्याच डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आणि ते स्वतःहून बघायला आले पाहिजेत.”

“ते कशाला येतील?”

“आपली चूक दाखवायला! मोठी माणसं त्यासाठी कुठेही येतात.”

सगळे चर्चमागे जमणार ते शुक्रवारीच, म्हणून तोवर थांबून शुक्रवारी दुपारी ती एकटी डीकन होझियांकडे गेली. हात पाठीमागे, मान खाली. शाळेच्या नाटकातसुद्धा तिने इतकं चांगलं काम केलं नव्हतं.

“डीकनकाका, लंगडी आज भंगारात जाणार आहे.”

“चांगलं झालं.”

“पण तिचं नक्की काय चुकलं, ते आम्हाला कळलं पाहिजे ना? पुढच्या वेळी नको व्हायला. तुम्ही एकदा दाखवाल? तुमच्या भट्टीत तुमचं ओक पेटवायचं, आमच्या पिंपात आमचं पेकान. दोन्हींच्या धुराड्यावर ओलं पांढरं फडकं बांधायचं. धूर जसा असेल तसा डाग पडेल. मग सगळ्यांनाच दिसेल, चांगली भट्टी कशी असते ते.”

डीकननी हॅट सरळ केली. “शिकायची इच्छा आहे, हे बरं आहे,” ते म्हणाले. “ये तीन वाजता. बाकीच्यांनाही बोलाव. त्यांनीही शिकावं.”

बाकीचे होतेच. चर्चच्या स्वयंपाकघरात रताळ्याचं गोड सारण भरलेल्या ‘पाई’ भाजणं चालू होतं. तिथल्या मुख्य मिस आयोला. गावात त्यांच्या तोंडासमोर फक्त डीकनच बोलू शकत, आणि तेही पाई चांगली झाली हे म्हणण्यापुरतंच. त्यांनी आपले दोन उशीचे अभ्रे काढून दिले. “डाग पडला तर धुऊन तुम्हीच द्यायचे,” त्यांनी दम दिला.

विटांच्या भट्टीत डीकननी स्वतः लाकूड रचलं. थर्मनने लंगडी पेटवली आणि वेनी हवेच्या दारापाशी उकिडवी बसली.  डाग दोन्हींवर सारखाच पडला तर? तिचंच चुकलं असेल तर? जिने भट्टी बांधली तिला तिच्यातली खोड सगळ्यात शेवटी दिसते, असं आत्या म्हणायची.

“सोडा!” अर्ध्या तासाने मिस आयोला म्हणाल्या.

लंगडीवरचा अभ्रा थर्मनने सोडला. मधोमध फिकट पिवळसर वर्तुळ होतं, पातळ चहा सांडल्यासारखं. मिस आयोलांनी नाकाजवळ नेला. “पेकानचा वास. गोड आहे.”

विटांच्या भट्टीवरचा अभ्रा डीकननी सोडला आणि हातात तसाच धरला. तो काळपट तपकिरी झाला होता. चिकट. बोटं लागली तिथे बोटांचे ठसे उठले. आणि वास! मागच्या बायकांनी पदराला हात घालावा तसे एप्रन नाकाला लावले.

“अदलाबदल केलीत!” डीकन म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता.

“होझिया,” मिस आयोला म्हणाल्या, “सोडला तुम्हीच.”

नेमके तेव्हाच ग्रिग्जकाका लाकडाची खेप घेऊन आले. “काय, जत्रा कसली? आणि हा कसला घाण वास?”

“तुमच्या लाकडाचा, काका!” कोबी ओरडला.

“माझ्या? अरे बाळा, ते ओक आहे!”

“ओकच आहे,” वेनी उठून उभी राहिली.  तिने राशीतून एक तुकडा उचलून डीकनपुढे धरला. “बघा, काका. साल नाही. ही कड करवतीची. आणि हे चौकोनी भोक, रुळाच्या खिळ्याचं. गिरणीमागच्या रेल्वेखालचे ओंडके आहेत हे. काळं वरवर तासलंय, आत मुरलेलं राहिलंय. आम्ही जागा बघून आलो.”

“मला तर वाटलं,” ग्रिग्जकाका हॅट काढून डोकं खाजवू लागले, “काळं तासलं म्हणजे गेलं... अरे देवा! मी तर दोनशे माणसांना...” आणि ते ट्रकच्या पायरीवर मटकन बसले. डेलियाने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांच्यावर कुणाला रागवावंसं वाटेना, मिस आयोला सोडून.

डीकन होझियांनी तो तुकडा हातात घेतला. भोकात त्यांनी करंगळी घालून पाहिली. मग त्यांनी हॅट काढली. चर्चच्या बाहेर त्यांना बिनहॅटचं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचं डोकं अंड्यासारखं गुळगुळीत होतं, पण हसायचं कुणाच्या मनात आलं नाही.

“लाकूड भेट आलं म्हणून मी ताडपत्री उचलूनसुद्धा बघितली नाही,” ते म्हणाले. “तीस वर्षं मी प्रत्येक तुकडा हुंगून आत घालतो. या वेळी नुसतं ‘चाळीस वर्षं’ ऐकलं आणि फुगलो. आणि निकाल दिला तो या लेकराच्या भट्टीवर. सगळ्यांसमोर दिला होता, म्हणून परत घेतो तोही सगळ्यांसमोर. वेनी, पोरी, माझं चुकलं.”

 वेनीने बाजूला पाहिलं तर चर्चच्या अंगणाच्या फाटकात अर्नेस्टीन आत्या उभी! कामावरून थेट आलेली, हातात ट्रेलरची साखळी, लंगडीला भंगारात न्यायला. आत्याने साखळी खाली टाकली. तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

“पण आता मांसाचं काय?” मिस आयोला भानावर आल्या. “बर्फात फासळ्यांच्या चाळीस लांब पाट्या पडल्यात! आणि लाकूड?”

“लाकूड गावात आहे!” वेनी म्हणाली. “घरोघरी वादळात पडलेल्या फांद्या आहेत. पेकान, हिकरी, खरं ओक. वाळलेल्याच आणायच्या!”

“आणि साल असलेल्या,” कोबीने जोडलं.

“माझा ट्रक घ्या!” ग्रिग्जकाका उठलेसुद्धा. या वेळी त्यांनी एकही काम अर्धवट ठेवलं नाही. तीन पोरं मागे उभी राहून प्रत्येक तुकडा हुंगून मगच आत टाकत होती, आणि एकदा थर्मनने “नापास!” म्हणून कुंपणाचा खांब परत फेकला तेव्हा काकांनी हात जोडले.

विटांची भट्टी स्वच्छ जाळाने रात्रीपर्यंत भाजून, खरवडून काढावी लागणार होती. तोवर पहिलं मांस कुठे चढलं? लंगडीत! रांगेच्या डोक्याशी, डीकनच्या भट्टीच्या बरोबरीने ती उभी राहिली. मोठ्या पायाचा खड्डा डीकननी स्वतः खणला.

*

शनिवारी दुपारी चर्चमागे पाय ठेवायला जागा नव्हती. तांबडा सोडा, तांबडी कलिंगडं, बटाट्याचं सॅलड. पोरं पायांत, म्हातारी माणसं सावलीत. डॅलसहून आलेल्या एका आजोबांनी फासळी संपवून बोटं पुसली आणि विचारलं, “होझिया, या वर्षी काय केलंस? असं मांस तुझ्याकडेही कधी खाल्लं नव्हतं!”

“माझं नाही,” डीकन म्हणाले, आणि त्यांनी आवाज असा चढवला की प्रार्थनेतसुद्धा चढत नसे. “ही त्या पिंपातली आहे. ती भट्टी बांधली या पोरांनी. हिने आखली, याने पाय कापले...”

“तीन चुकीचे!” थर्मन अभिमानाने म्हणाला.

“...आणि या धाकट्याच्या नाकाने या दोनशे लोकांचं पोट वाचवलं. जे तीस वर्षांच्या जिभेला कळलं नाही, ते याला कळलं!”

टाळ्या अशा झाल्या की कोबी लाजून आत्यामागे लपला. मात्र ताट घेऊन लपला. मिस आयोलांनी वेनीला जवळ ओढलं, तिच्या केसांतली राख झटकली आणि तिच्या ताटात रताळ्याच्या पाईचा मधला तुकडा ठेवला. मधला तुकडा त्या पाद्रीबुवांनासुद्धा देत नसत.  आत्या प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारत होती, “धुराडं कुठे जोडलंय बघितलंत का? खाली. का ते विचारा तिला!”

दुपार कलली. शेवटच्या पाट्या अजून आत होत्या. डीकन होझिया लंगडीपाशी आले, हातात हिकरीचा तुकडा. त्यांनी तो हुंगला, साल बघितली, आणि जाळाच्या दाराशी हात नेला. तिथेच तो थांबवला. मागे वळून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

“वेनी, आता घालू का?”

वेनीने धुराड्याकडे पाहिलं. पाट्यांवर हात धरून ऊब पाहिली. तिला घाई नव्हती.

“नाही काका,” ती म्हणाली. “जरा थांबा.”

आणि तीस वर्षांत कुणाच्याही सांगण्यावरून न थांबलेले डीकन होझिया, लाकडाचा तुकडा छातीशी धरून, थांबले.